ओठ न हलवता

७ जानेवारी, मंगळवार
दुपारी तबस्सुम मॅडम लायब्ररीत आल्या. इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या. पुस्तक नको होतं, माणूस हवा होता. पीएचडीच्या प्रयोगाला विशीतली पोरं ढीगभर मिळाली, चाळिशीपुढचं डोकं कोणी द्यायला तयार नाही. "काका, तुम्ही शांत असता. फक्त बसायचंय."
फक्त बसणं मला जमतं. हो म्हणालो.
डोक्यावर तारांची टोपी घालतात. मेंदूतून लहरी निघतात, त्या यंत्र टिपतं. ज्याच्या त्याच्या वेगळ्या. पुढेमागे अंगठा आणि पासवर्ड यांच्या जागी हेच येईल, असं त्यांचं म्हणणं. अंगठा झिजतो, पासवर्ड चोरीला जातो, डोक्यातलं कोण चोरणार?
लॅबचा सोनकांबळे सोबत होता. म्हणाला, "मॅडम, चोरायला तिथं काय तर पायजे न!"

संध्याकाळी सौ.चा फोन. मुरुडला थंडी आहे. येळवशीच्या अमावस्येला सगळे रानात गेले होते, आंबील छान झाली होती. मी जेवलो का? जेवलो. ठेवते.
ठेवला.

८ जाने.
काल लिहायचं राहिलं ते. सासूबाईंना लकवा झाला तेव्हा सौ. माहेरी, लातूरजवळच्या मुरुडला गेली, त्यांच्या सेवेला. तीन वर्षं केलं. जायलाच हवं होतं, मीच बसमध्ये बसवून दिली. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. मला वाटलं चौदावं झालं की येईल. मग वाटलं दिवाळीला. दिवाळीला इथं नांदेडला आली, चार दिवस राहिली, भावासोबत परत गेली.
ती काही बोलली नाही. मी विचारलं नाही. विचारलं आणि तिनं नाही म्हटलं, तर मग ते नाही होऊन बसेल.

९ जाने., गुरुवार
पहिली बैठक. मॅडमनी टोपी घातली, केसांत थंडगार चिकट काहीतरी भरलं. समोर पडदा.
"काका, एक शब्द मनात धरा. कुठलाही. तोच फिरून फिरून. पण तोंडानं नाही हां. ओठ नाही, जीभ नाही, घसा नाही. जरा हललं की सगळं खराब होतं."
मी पंचाक्षरी मंत्र धरला. दुसरं काय धरणार? लहानपणी गळ्यात लिंग बांधलं तेव्हापासून तो चालू आहे.
थोड्या वेळानं, "काका, बोलू नका."
"बोलत नाही."
"घसा हलतोय. इथं दिसतंय ना."
पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दात दाबून बसलो तर दातांचंच दिसायला लागलं.
इतकी वर्षं समजत होतो की माझा जप मनात चालतो. तो जिभेच्या मुळाशी चालत होता. वाईट वाटलं, मग वाटलं महादेवाला काय फरक पडतो.
सोनकांबळेनं 'ठेचा' धरला होता. त्याच्या तोंडाला सुटलेलं पाणीसुद्धा यंत्राला दिसलं म्हणे.

१० जाने.
कधीच तोंडात न आलेला शब्द पाहिजे. सकाळी पूजेला बसलो तरी डोक्यात तेच.
सापडला. सापडला म्हणजे काय, होताच.
आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. ती 'अवो', मी 'अगं', नाहीतर मी नुसता खाकरतो आणि ती येते. लग्नात बायकांनी 'नाव घ्या, नाव घ्या' म्हणून घेरलं होतं, तेवढ्यात जनरेटर बंद पडला आणि त्या गोंधळात सुटलो. नंतर कधी वेळ आली नाही. रेशन कार्डावर लिहिलं, बँकेत लिहिलं. बोललो नाही.
मनात मात्र तिला नावानंच हाक मारतो. पहिल्यापासून.

१३ जाने., सोमवार
मॅडम खुर्चीतून उठल्याच. "माशाल्ला काका! ही लाईन बघा, कशी साफ आलीय!" मला नुसती नागमोडी रेघ दिसली. पण त्या खूश होत्या म्हणून मीही.
"शब्द कुठला धरला?"
"घरचा आहे."
जरा थांबल्या. "दुआ वगैरे असेल तर नका सांगू. राहू द्या."
दुआ नाही असं म्हणावंसं वाटलं. म्हणालो नाही.

२१ जाने., मंगळवार
आता दर मंगळवारी जायचं. टेबलावर एक लोखंडी डबा आहे, त्याला विजेचं कुलूप. टोपी घालून शब्द धरायचा. लहर जुळली तर हिरवा दिवा लागतो आणि कट् करून झाकण उघडतं. नाही जुळली तर लाल.
माझं पहिल्या झटक्यात उघडलं.
मग माझ्या नावावर सोनकांबळे बसला. लाल. दुसरा एक पोरगा बसला. लाल. जाताना सोनकांबळे कानाशी, "अप्पा, डोक्यात बायको सोडून दुसरी आली तं डबा उघडत न्हाई म्हणे. ध्यान ठिवा!"
मी हसलो. जरा जास्तच हसलो बहुतेक.
डब्यात काही नसतं. रिकामा आहे.

४ फेब्रु.
हिरवा.
येताना गोदावरीच्या घाटावर बसलो. पाणी कमी आहे. खोलीवर यायची घाई नव्हती.

११ फेब्रु.
हिरवा. मॅडम म्हणतात बाकीच्यांचं कधी जुळतं कधी नाही. पोरांचं लक्ष उडतं. माझं एकदाही चुकलं नाही. "काका, तुम्ही माझे स्टार आहात." दिवसभर हे वाक्य अधूनमधून आठवत होतं. या वयात.

२६ फेब्रु., महाशिवरात्र
उपवास. पहाटे दर्शन घेऊन आलो. सौ.चा फोन दुपारी.
"भगर केली का?"
"केळी खाल्ली."
"शेंगदाण्याचं कूट डब्यात असंल की, बघा."
डबा उघडला. कूट तिनं दिवाळीला केलेलं, वास येत होता. "आहे," म्हटलं.
फोनच्या मागे शिलाई मशीन चालू. मुरुडला ती पोरींना शिवण शिकवते. आधी एक-दोघी यायच्या, आता ओसरी भरते म्हणाली. "लई गोंधळ घालतात." आवाजावरून तो गोंधळ तिला आवडतो असं वाटलं.

१८ मार्च, मंगळवार
हिरवा.
मॅडमना पुढची पायरी करायची होती. शब्द दुसऱ्याला सांगायचा, त्यानं तोच मनात धरायचा, तरी यंत्र फसतं का ते बघायचं. बाकी सगळ्यांनी सांगितले. मी नाही म्हणालो. मॅडमचा चेहरा पडला, पण रागावल्या नाहीत.
सोनकांबळे, "अप्पा, अणुबॉम्बचा कोड हाय का काय?"
खोलीवर आल्यावर विचार केला. आठवड्यातून एकदा कोणीतरी विचारतं तू कोण. मी सांगतो. आणि ते मानतं. एवढ्यासाठी मी मंगळवारची वाट बघतो. हे बरं नव्हे. पण बघतो.

२२ एप्रिल
हिरवा. ऊन फार.
मेव्हण्याचा फोन. नवं घर बांधलं, अक्षय्य तृतीयेला घरभरणी. मग फोन सौ.कडे.
"या. सुट्टी मिळती का बघा."
"मिळेल."
"बरं."
आणखी काहीतरी म्हणेल म्हणून फोन कानालाच धरून होतो. तिनंही ठेवला नव्हता. दोन्हीकडून काही नाही. मग बॅलन्स कशाला जाळायचा म्हणून तिनंच ठेवला.

२ मे, शुक्रवार
मुरुडहून परत. सविस्तर लिहितो, नाहीतर विसरेन. विसरणार नाही खरं तर.
परवा घरभरणी. पूजा झाली. मेव्हणा आणि त्याची बायको शैला कळस घेऊन आत गेले, मागून जोडीजोडीनं पाहुणे. शैलानं आणि चारपाच जणींनी आतून उंबऱ्यात हात आडवे लावलेले. नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही. आमची पाळी आली.
सौ.नं आधी घेतलं. कणगी, जोंधळा, गौराई असं भराभर जुळवून शेवटी माझं नाव. अडखळली नाही. हळदीकुंकवाला घेऊन घेऊन सराव असेल. बायकांना असतो. मी पहिल्यांदा एवढ्या जवळून ऐकलं.
"आता दाजी!"
"मला येत नाही," म्हटलं.
"लायब्ररीत ऱ्हाता न तुमी? यवढी पुस्तकं वाचून एक नाव येत न्हाई व्हय? आमी न्हाई बा सोडत."
मागे लोक थांबलेले. ऊन. सौ. माझ्या शेजारी, पदर सावरत, समोर बघत. मी नाव घेतलं. यमक नाही, काही नाही. नुसतं तिचं नाव.
मग शैला, "हे काय दाजी? शाळंतली हाजरी घ्यायलाव का?" आणि मागून सौ.च्या शिवणाच्या पोरींतली कोणीतरी ओरडली, "हजर, गुर्जी!" सगळा मांडव हसला. मीही.
सौ. हसली नाही. खाली बघून म्हणाली, "सोडा आता. पाय भाजायलेत त्यांचे."

काल एक मे, सगळे घरीच. आज सकाळी ती बसस्टँडवर सोडायला आली. डब्यात पुरणपोळी, शेंगाची चटणी. बस यायची होती. बाकावर बसलो.
"तुम्ही कधी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "मी का येत न्हाई ते."
"मला वाटलं तू सांगशील."
"मला वाटलं तुम्ही इचाराल."
लातूरची गाडी लागली. लोक धावले. ती म्हणाली, जा, जागा धरा. मी धरली. खिडकीतून पाहिलं तर ती अजून बाकाशीच उभी. गाडी निघाली.
जागा कशाला धरली?

६ मे, मंगळवार
लाल.
मॅडमनी तारा तपासल्या, जेल पुन्हा भरलं. लाल. "काका, बोलू नका."
"बोलत नाही."
"घसा हलतोय."
हलत होता. मलाही कळत होतं. नाव मनात धरलं की जिभेकडे पळतं. एकदा बाहेर पडलं, वाट सापडली त्याला.
मॅडम म्हणाल्या उन्हाचा थकवा असेल.

१३ मे
लाल, लाल, लाल. मॅडम काळजीत. लहरी काळानं बदलतात असंही असतं, पण इतक्या झटक्यात नाही. त्यांना शेवटी पहिल्या आणि सहाव्या महिन्याची तुलना मांडायची आहे, आणि सगळ्यांत भरवशाचा मीच होतो. "नवा शब्द घ्याल का? नव्यानं नोंद करू."
बसून शोधला. गावाचं नाव, विहिरीचं नाव, आईचं, गुरुजींचं. सगळं कधी ना कधी बोललेलं. सगळ्यांना घसा हलतो. मनात ठेवून कधीच न बोललेलं असं माझ्याकडे एकच होतं.
बाहेर सोनकांबळे तंबाखू मळत, "काय अप्पा, आली का दुसरी डोक्यात?"
"नाही रे, तीच आहे."
बोलून गेलो. तो मळायचा थांबला. "म्हंजी खरंच वहिनी व्हत्या व्हय डब्यात!"
इतका हसला की तंबाखू सांडली. मग म्हणाला, कोणाला सांगत न्हाई, आईशपथ.

१५ मे
सोनकांबळेनं घरून डबा आणला. भाकरी, वांग्याचं भरीत. माझ्या टेबलावर ठेवून गेला.

२० मे, मंगळवार
आज गेलो नाही लॅबमध्ये. दुपारच्या सुट्टीत लायब्ररीच्या जिन्यात उभा राहून फोन लावला.
"का येत नाहीस?"
मागे मशीन चालू होतं. थांबलं. पोरींना म्हणाली, जरा भाईर बसा गं.
मग बोलली. जसं आठवतं तसं लिहितो.
"राग न्हाई माझा. तुम्ही कधी वाकडं बोलला न्हाईत. पण तिथं दिस उगवतो आन् मावळतो. तुम्ही पुस्तकात, मी वट्यापाशी. दोन माणसं आन् आवाज न्हाई. आई व्हती तवर वाटायचं आईसाठी हितं हाय. आई गेली तवा कळलं, मला हितं बरं वाटायलंय. सकाळी पोरी येतात. दारातनंच वरडतात, नाव घिऊन काकू, काकू. दिसभर माझं नाव घेतं वो कुणीतरी."
जिन्यावरून पोरं चढत-उतरत होती. कडेला झालो.
"ऐकताव का?"
"ऐकतोय."
"त्या दिशी उंबऱ्यात तुम्ही घेतलं. मला वाटलं दुसरंच कुणी बोललं."

२१ मे
सकाळी पूजा नीट झाली नाही. हात चालत होते. नंतर बराच वेळ तसाच बसलो. देवाला काही मागितलं नाही, काय मागायचं ते ठरत नव्हतं.

२७ मे, मंगळवार
मॅडमना खरं सांगितलं. आधी नीट कळलं नाही त्यांना. "मिसेसचं नाव? बस?"
बस.
मग हसू आलं त्यांना, तोंडावर ओढणी धरली. "आमच्या घरी पण तेच काका. अब्बू अम्मीला 'सुनते क्या' म्हणतात. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं अम्मीचं नावच ते आहे."
मग कामाचं. माझी नोंद इथं थांबवावी लागेल. शब्द मोठ्यानं उच्चारल्यावर लहर बिघडली, असा एक परिच्छेद प्रबंधात येईल. नाव येणार नाही. माझंही नाही. "पण काका, यानं मला एक नवी गोष्ट कळली. वाया नाही गेलं."
टोपी काढली. केस धुतले. आता मंगळवार मोकळे.

३ जून
मंगळवार. चार वाजता पाय आपोआप लॅबच्या जिन्याकडे. अर्ध्यातून परत.

८ जून, रविवार
सौ. आली होती. कळवलं नव्हतं. पहाटेची गाडी धरून सकाळी दारात. ब्लाऊजचं अस्तर नांदेडला चांगलं मिळतं म्हणाली. अस्तर मुरुडलाही मिळतं, लातूरला तर कितीही.
ओटा पाहिला, पदर खोचला, धुतला. मी कांदा चिरून दिला. जेवताना तिला सगळं सांगितलं. टोपी, डबा, हिरवा, लाल. हात थांबवून ऐकत होती.
"म्हणजे दर मंगळवारी तुम्ही माझं नाव घेत व्हता."
"हो."
"मनात."
"मनातच. पहिल्यापासून घेतो."
"आन् यंत्राला कळलं."
"हो."
"मला कसं कळावं?" ती म्हणाली. "मी काय तारा लावल्या व्हत्या तुमच्या डोक्याला?"
हसली. मग डोळे पुसले, कांद्याचं नाव सांगून. कांदा मी चिरला होता.
भांडी झाल्यावर मी तिला नावानं हाक मारली. काही काम नव्हतं. ती पाठमोरी होती. "काय?" म्हणाली. "काही नाही," म्हटलं. आवाज विचित्रच निघाला माझा, पोरासोरासारखा.
थोड्या वेळानं बघतो तर रस्त्याकडच्या खिडकीपाशी उभी. वितीनं चौकट मोजत होती. आडवी, मग उभी.
"पडदा लावायचा का?"
"न्हाई. उजेड बघायले."
"मशीनपुरता आहे का?"
मी असं विचारलं. कसं विचारलं कोण जाणे.
तिनं पुन्हा एकदा वीत टाकली. "दुपारनंतर कसा ऱ्हातो ते बघावं लागंल."
दुपारी तिची गाडी होती. उद्या सकाळी पोरी येणार. स्टँडवर सोडून आलो. अस्तर घ्यायचं राहिलंच.
परत येऊन खिडकीपाशी बसलो. उजेड बराच वेळ राहतो. समोरच्या टाकीची सावली येते, पण उशिरा.

९ जून, सोमवार
संध्याकाळी फोन लावला. नावानं सुरुवात केली. "बोला," म्हणाली.
उजेडाचं सांगितलं. टाकीच्या सावलीचंही सांगितलं, लपवलं नाही.
"उन्हाळ्याचं झालं," म्हणाली. "पावसाळ्यात कसा ऱ्हातो?"
"पावसाळ्यात येऊन बघ."
मागे पोरींचा गलका चालू होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं. तिनं मला उत्तर दिलं, पण 'बघते' म्हणाली की 'बघू', ते नीट ऐकू आलं नाही.